वाइंडिंग खात्यातला काला

गेल्या श्रावणात बुरहानपुरात राजघाटावरच्या देवळात सप्ताह बसला होता. शेवटच्या दिवशी निरंजनबुवांनी काल्याचं कीर्तन असं रंगवलं की पायऱ्यांवर चपला सांभाळायला बसलेली माणसंसुद्धा उठून आत आली. रानात गाई चारायला गेलेली पोरं, दुपारची वेळ, पोटात भूक. एकाच्या शिदोरीत लोणी-पोळी, दुसऱ्याच्या फडक्यात शिळी भाकर, आणि एका लंगड्या पोराकडे नुसतं आंबट ताक, तेही लाजून पाठीमागे लपवलेलं. देवाने काय केलं? सगळ्यांच्या शिदोऱ्या ओढून घेतल्या, कदंबाखाली एकत्र कालवल्या आणि ज्याच्या-त्याच्या तोंडात आपल्या हाताने घास घातला. "आता सांगा," बुवांनी उपरणं सावरत विचारलं, "त्या घासात लोणी कुणाचं आणि ताक कुणाचं? कळलं का कुणाला? ज्याचं त्याला कळलं नाही, म्हणून तर तो काला!"

बायकांच्या पहिल्या रांगेत बसलेल्या कुसुमच्या डोळ्यांना धार लागली होती. समोर तिचा नवरा अनंत मृदंगावर होता. गेली तीस वर्षं बुवांच्या मागे अनंताचाच हात असायचा. त्या दिवशी शेवटच्या गजरात तो हात मध्येच पडला. टाळकऱ्यांनी सांभाळून घेतलं, लोकांच्या ध्यानातही आलं नाही. कुसुमच्या मात्र आलं. घरी येताना तिने विचारलं तर अनंत म्हणाला, "गर्मी होती गं. श्वास नाही पुरला." श्रावणातल्या गार संध्याकाळी कसली गर्मी, हे तिने विचारायला हवं होतं. पण तिच्या ओंजळीत काल्याचा प्रसाद होता आणि मनात बुवांचे शब्द घोळत होते.

कुसुम लालबागकडच्या एका कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. सुताच्या कांड्यांवरून मोठ्या कोनावर धागा चढवायचा, तुटला की गाठ मारायची, कोन भरला की उतरवायचा. दिवसभर उभं राहायचं आणि कानात मशिनांचा घरघराट. तृप्ती पोटात असताना ती या कामाला लागली होती. आता तृप्ती लग्न होऊन जवळच्या चांदनी गावी नांदत होती, तरी कुसुमचं मशीन तेच होतं. अनंत केळीच्या गाड्या भरायचा. त्याचं काम आज असे, उद्या नसे. पण कुसुमचा पगार आणि त्याहून मोठं म्हणजे तिचं कामगार विम्याचं कार्ड घरात पक्कं होतं. तृप्तीच्या वेळचं तिचं बाळंतपण त्याच कार्डावर झालं. घडांच्या ओझ्याखाली अनंताचा पाय मोडला तो त्याच कार्डावर जोडला गेला. कुसुमच्या पित्ताशयातले खडे काढायला तिला थेट इंदूरला नेलं होतं, तेही त्या कार्डावर. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीत पंचांगाशेजारी ते कार्ड ठेवलेलं असे आणि दिवाळीत लक्ष्मीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागे. अनंत हसायचा, ती हसू द्यायची.

सप्ताह आटोपून आठवडा झाला असेल-नसेल, मॅनेजरसाहेब खात्यात आले. गिरणीत बकरमचं, म्हणजे कॉलरच्या आत घालायचं कडक कापड बनायचं, त्याची परदेशातली ऑर्डर थांबली होती. निम्मी मशिनं बंद करावी लागणार होती. "जुन्या बाया राहतील," साहेब म्हणाले. "नव्यांना ब्रेक. हालत सुधरली की बुलावू."

नव्यांमध्ये ज्योत्स्ना होती. धूलकोटची पोर. लग्नाला वर्ष झालेलं, नवरा दुसऱ्याच्या रिक्षावर. तिने भिंतीला पाठ टेकवली आणि ओढणीचं टोक तोंडात धरलं. कुसुमला ते पाठीमागे ताक लपवणारं पोर आठवलं.

"साहेब, बोलू का एक?" कुसुमच्या तोंडून निघूनच गेलं. "कुणालाच ब्रेक नका देऊ. आम्ही पाळ्या वाटून घेतो. आठवड्यातले निम्मे दिवस हिने यायचं, निम्मे दिवस मी. मशीन तर चालल्याशी मतलब ना?"

साहेबांनी खांदे उडवले. "मला काय, उत्पादन निघालं पाहिजे. तुमचं तुम्ही ठरवा."

सोजरबाई तिच्या शेजारच्या मशीनवर होती. खात्यातली सगळ्यात जुनी, जिभेची तिखट आणि साखरेच्या दुखण्याने वैतागलेली. ती डोळे मोठे करून म्हणाली, "काय व कुसुम, अंगात बुवा आले की काय तुझ्या? अर्धी भाकर खायला लावतेस आम्हाला!"

"अर्धी का होईना, सगळ्यांना तर मिळेल, ताई."

"आणि कार्ड?" सोजरबाईने विचारलं. तिची इन्सुलिन विम्याच्या दवाखान्यातून यायची, तेव्हा तिला पहिलं तेच सुचलं. हजेरीच्या ऑफिसात बसणारा भूपेंद्र दारातच उभा होता. तो म्हणाला, "काकी, पगारातून हप्ता कटतोय ना? अर्धा का होईना, कटतोय तोवर कार्ड चालू. टेन्शन मत लो." त्याने आपल्या समजुतीने खरंच सांगितलं. खोटं बोलायची त्याला काही गरज नव्हती.

मग खात्यात अशी काही हवा पसरली की काय सांगावं. कुणी रडलं, कुणी हसलं. सोजरबाई कुरकुरत का होईना, पहिली 'हो' म्हणाली. जोड्या लागल्या. कुसुमच्या जोडीला ज्योत्स्ना, सोजरबाईच्या जोडीला रुपाली. दुसऱ्या दिवशी बायकांनी चार घरचं आणून जेवणाच्या सुट्टीत एका परातीत कालवून खाल्लं. तेव्हापासून त्या व्यवस्थेला खात्यात नावच पडलं, काला. "आज तुझा काला की माझा?" असं एकमेकींना विचारत. एकादशीच्या कीर्तनात निरंजनबुवांनी कुसुमला सगळ्यांसमोर उभं केलं आणि आपल्या गळ्यातला हार तिच्या गळ्यात घातला. "मी नुसती कथा सांगतो," बुवा म्हणाले, "या माउलीने ती करून दाखवली." कुसुम लाजेने पदरात शिरली. अनंताने मृदंगावर एक थाप दिली, आणि श्वास घेत थोडा वेळ थांबला.

हिवाळा असाच गेला. घरात तूप कमी झालं, डाळ पातळ झाली, पण चूल बंद पडली नाही. अनंत मात्र उतरत चालला. आधी त्याला घडांचं ओझं जमेना, मग बाजारातून पिशवी आणणं जमेना. होळीच्या सुमारास राजघाटाच्या पायऱ्या चढताना तो मध्येच खाली बसला, ओठ जांभळे. कुसुम त्याला धरून विम्याच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई तरुण आणि मायाळू. तपासण्या झाल्या, छातीचे फोटो झाले, त्यात एप्रिल उजाडला. शेवटी त्या दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "काका, हृदयातली एक झडप आवळलीय. रक्त नीट पुढे जात नाही. ही झडप बदलावी लागेल. इंदूरला. आणि उशीर करून चालणार नाही. तोवर जड उचलायचं नाही, पायऱ्या नाहीत, मृदंग नाही."

"मृदंग मांडीवर असतो बाई, तो कुठे उचलायचाय?" अनंत म्हणाला.

"काका!"

"बरं बरं. देव बिनामृदंगाचा राहील थोडे दिवस."

डॉक्टरीणबाईंनी कागद तयार करून खिडकीवर पाठवले. कुसुमच्या मनात भीती होती ती ऑपरेशनची. खिडकीची भीती तिला शिवलीही नव्हती. आजवर त्या खिडकीने तिला कधी रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

खिडकीतल्या बाबूंनी कॉम्प्युटरवर तिचा नंबर टाकला, पुन्हा टाकला, मग चष्मा काढून पुसला. "काकी, हे नाही होणार."

"काय नाही होणार?"

"देखो, खोकला-ताप, रोजची औषधं, ते इथे मिळेल. पण इतकं मोठं ऑपरेशन बाहेरच्या हॉस्पिटलात करायचं, तर त्याला गेल्या सहामाहीत हजेरीचे दिवस पूर्ण पाहिजेत. तुमचे कमी पडतात. असं कसं? तुमची तर जुनी नोकरी आहे. मध्ये आजारी होता का?"

"नाही," कुसुम म्हणाली. "आम्ही काला केला होता."

बाबूंना काही कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले. मागच्या रांगेतली माणसंही ऐकत होती. "चांगलं केलं हो काकी," बाबू शेवटी म्हणाले, "खरंच चांगलं केलं. पण सिस्टमला ते सांगता येत नाही. किती थोडे कमी आहेत बघा, हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे."

"थोडेच आहेत ना? मग तेवढे..."

"थोडे असले तरी कमीच ना, काकी. मी इथून ओके केलं, तरी पुढे इंदूरवाले परत पाठवतील." त्यांनी आवाज खाली आणला. "आता नवीन सहामाही सुरू झालीय. ही पूर्ण भरा. सप्टेंबर संपला की या. तेव्हा कुणी अडवणार नाही."

"आणि तोवर?"

बाबूंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग तिचे कागद खिडकीतून परत दिले.

कुसुमने अनंताला एवढंच सांगितलं, की तारीख सप्टेंबरनंतरची मिळेल, थोडे दिवस भरायचे आहेत. तो म्हणाला, "मग भर की. एवढं तोंड का उतरवतेस?"

रविवारी तृप्ती चांदनीहून गाडीने आली आणि बापाकडे बघून आधी रडली, मग फोन काढून बसली. सरकारच्या आयुष्मान योजनेच्या यादीत नाव शोधलं. "आई, नाव नहीं दिखा रहा. तुझं नाही, बाबांचंही नाही." जुन्या सर्व्हेच्या वेळी घराला पक्कं छत होतं आणि घरात पगारी नोकरी होती, म्हणून त्या यादीत हे घर आलंच नव्हतं. इंदूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यातही दोघी जाऊन आल्या. तिथे डॉक्टर चांगले, पण बाहेर माणसांची अशी गर्दी की भिंतीला टेकायला जागा नाही. तिथली तारीख सप्टेंबरच्याही पलीकडे निघाली. परतीच्या बसमध्ये तृप्ती म्हणाली, "आई, एक बोलू? तुझ्या त्या ज्योत्स्नाला ब्रेक मिळाला असता तर आज बाबा ऑपरेशन होऊन घरी असते."

 ही गोष्ट कुसुमच्या मनात आली नव्हती असं नाही. कितीदा आली होती, आणि प्रत्येक वेळी तिला देवासमोर बसल्यासारखी शरम वाटली होती.

भूपेंद्राला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "काकी, कसम से, मला नव्हतं माहीत. हप्ता कटतो म्हणजे झालं असंच वाटायचं मला." कुसुमने विचारून पाहिलं, मागचे चार-दोन दिवस नावावर चढवता येतील का? तो म्हणाला, "पहिले रजिस्टर होतं तेव्हा लोक करायचे. आता मशीन चेहरा बघते, काकी. चेहरा नाही, तर हजेरी नाही." तिला स्वतःचीच लाज वाटली. असं काही विचारायची वेळ तिच्यावर आयुष्यात आली नव्हती.

गिरणीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी आहे, तिथे लिंबाखाली जेवणाच्या सुट्टीत खात्यातल्या सगळ्या बाया गोळा झाल्या. ज्यांचा दिवस नव्हता त्याही आल्या होत्या. सोजरबाईनेच बोलावल्या होत्या.

"ऐका व सगळ्या," सोजरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हिच्या डोक्यातून निघालेलं खूळ, आपण सगळ्यांनी खाल्लं. आता हिच्या नवऱ्याच्या जिवावर आलंय. सप्टेंबरपर्यंत हिला पूर्ण दिवस पाहिजेत. कुणाचे द्यायचे, बोला."

 प्रत्येकीच्या घरी काही ना काही होतं. एकीचा पोरगा फिट्सच्या गोळ्यांवर, एकीची सासू अर्धांगाने पडलेली. मग ज्योत्स्ना पुढे आली. तिला पाचवा महिना लागला होता, ओढणीतूनही आता लपत नव्हतं.

"काकी, माझे घ्या. मशीन तर आपलं एकच आहे."

"आणि तुझं बाळंतपण?" कुसुम म्हणाली. "तुझेही दिवस नाही भरले तर पगारी सुट्टी नाही मिळायची. बाळ कडेवर घेऊन कुठे जाशील?"

"जाईन कुठेपण. तुमच्यामुळेच तर नोकरी राहिली माझी."

"वेडी आहेस का! मी नाही घेणार."

"घ्यावे लागतील!" ज्योत्स्ना ओरडली आणि रडायलाच लागली. "सगळे काय म्हणतात माहितीये? म्हणतात, हिच्यापायी त्या माणसाचा जीव जातोय. माझी सासू म्हणते. मग मी रोज त्या मशीनवर कशी उभी राहू?"

कुसुमने तिला जवळ घेतलं. त्या पोरीच्या पोटातलं हललेलं कुसुमला आपल्या पोटाशी जाणवलं. हिच्याकडून एक दिवस घ्यायचा म्हणजे त्या न जन्मलेल्या जिवाच्या तोंडचा घ्यायचा. आणि नाही घ्यायचा म्हणजे?

"बस झालं रडणं," सोजरबाई म्हणाली. "पोरीचे कुणी घ्यायचे नाहीत. माझे घे. मी घरी बसते."

"ताई, तुमची इन्सुलिन?"

"माझ्या साखरेचं नको सांगू. कार्ड असो-नसो, ती काही मला सोडून जात नाही. नवऱ्यापेक्षा इमानदार आहे बापडी."

बाया हसल्या. हसताना दोघी-तिघींनी डोळे पुसले. कुसुम नको-नको म्हणत राहिली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता, आणि तो का नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. सोजरबाईने तिच्या हनुवटीला हात लावला. "गप व. घे म्हटलं ना."

असं कुसुमने सोजरबाईचे दिवस घेतले. तीन दिवस आपल्या मशीनवर, तीन दिवस सोजरबाईच्या. सोजरबाई घरी बसली. ती इन्सुलिन अर्धी-अर्धी करून टोचते, हे कुसुमला पुढे रुपालीकडून कळलं. कळलं तरी तिने दिवस परत केले नाहीत. करू शकली नाही.

वैशाख आला. बुरहानपुरात उन्हाने डांबर वितळायला लागलं. पत्र्याखालचं वाइंडिंग खातं म्हणजे भट्टी. कापसाचं तूस घामाला चिकटून अंगाला खाज सुटायची. कुसुमला त्याचं काही वाटत नव्हतं. तिचं मन घरी असायचं. अनंताला आता आडवं झोपता येत नव्हतं. तीन उशा पाठीशी लावून तो खिडकीशी बसलेला असे, पाय सुजलेले, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा. ज्या माणसाजवळ तिने चोवीस तास बसायला हवं, त्याच्यासाठीच तिला रोज त्याला एकटं टाकून जावं लागत होतं. एक दिवस राहिली की तो दिवस गेला. शेजारची मालतीवहिनी मधून-मधून डोकावून जायची, तेवढाच आधार.

एका गुरुवारी संध्याकाळी निरंजनबुवा घरी आले. पांढरं धोतर, हातात प्रसादाची केळी. अनंताला त्या अवस्थेत बघून ते उंबऱ्यातच थबकले, मग हसून म्हणाले, "काय मृदंगाचार्य, आमचा ताल मोडून इथे गादीवर बसलात?"

"नवा पोरगा वाजवतो म्हणे बरा," अनंत श्वास घेत-घेत म्हणाला.

"हात बरा आहे. पण मी कुठे थांबणार ते त्याला कळत नाही. तुम्हाला न सांगता कळायचं."

अनंताचा चेहरा उजळला. दोघं बराच वेळ जुन्या सप्ताहांच्या गोष्टी करत बसले. मग अनंताचा डोळा लागला, बसल्या-बसल्याच. कुसुम बुवांना पाणी द्यायला ओट्यावर आली. तांब्या त्यांच्या हातात दिला आणि तिच्या मनात इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर आलं.

"बुवा, माझं चुकलं का?"

बुवांनी तांब्या खाली ठेवला. त्यांना सगळी हकीकत माहीत होती. सगळ्या गावाला माहीत होती.

"तुम्ही सांगितलंत ते मी केलं," कुसुम म्हणाली. "तुम्हाला बोल नाही लावत. माझ्या मनाने केलं. पण आता रात्री हे खोकतात तेव्हा वाटतं, का केलं? आणि सकाळी ज्योत्स्ना दिसली की वाटतं, नसतं केलं तर हिचं काय? दोन्हीकडून जीव तुटतो. देवाने काय करायला पाहिजे होतं माझ्या जागी, तेवढं सांगा."

निरंजनबुवा चाळीस वर्षं कीर्तन करत होते. भर सभेत कुणी काही विचारलं तर क्षणात दाखला द्यायचे. त्या दिवशी ओट्यावर ते गप्प बसले. 

"बाई," अखेर ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बसलेला होता, "वाटल्याने कमी होत नाही असं मी सांगत आलो. मला तेवढंच ठाऊक होतं. असं दिवस मोजणारं काही असतं, हे मला नव्हतं ठाऊक. मला क्षमा करा." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने तिला हात जोडले. कुसुमने घाईने ते हात धरले. तिला उत्तर हवं होतं. बुवांचे जोडलेले हात तिला बघवेनात.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. मंगळवार होता. सकाळपासून अनंताचा श्वास घशात अडकल्यासारखा वाजत होता. कुसुमने डबा भरला, पुन्हा रिकामा केला. "आज राहते मी," ती म्हणाली.

"कशाला?" अनंताने हात हलवला. एकेक शब्द सुटा-सुटा येत होता. "मी काय... पळून चाललोय? जा. भोंगा होईल."

"मला नाही बरं वाटत हे."

"सोजरबाईचा दिवस आहे आज. तिने... दिलेला. तो वाया नको घालवू."

हे ऐकल्यावर तिला जाववेना आणि थांबताही येईना. मालतीवहिनीला दहादा सांगून ती निघाली. फाटकाशी हजेरीच्या मशीनसमोर चेहरा धरला. हिरवा दिवा लागला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मशिनं पुन्हा सुरू झाली होती. मोबाइल आत न्यायला मनाई होती, ते भूपेंद्राकडे टेबलाच्या खणात राहायचे. कुसुमने मान वर केली तर दोन मशिनांच्या मधल्या बोळातून भूपेंद्र येताना दिसला, जवळजवळ पळतच. तो कुणाकडे चालला आहे हे तिला त्याचा चेहरा बघूनच कळलं.

"काकी, मालतीचाचींचा फोन आला होता," घरघराटात तो तिच्या कानाशी ओरडला. "काकांना सरकारी दवाखान्यात नेलंय. ऑक्सिजन लावलाय. होश आहे, बोलतायत म्हणे. तुम्हाला बोलवलंय."

कुसुमने मशीन बंद करायला हात पुढे केला आणि हात तिथेच थांबला. पाळी सुटायला थोडाच वेळ होता. आत्ता फाटकाबाहेर पडली तर हजेरीचं मशीन अर्धी पाळी दाखवणार, आणि अर्ध्या पाळीची हजेरी धरत नाहीत. भूपेंद्रालाही ते ठाऊक होतं. 

होश आहे. बोलतायत. ती उभी राहिली. ऑपरेशन व्हायचं तर हाच दिवस लागणार, आणि ऑपरेशन ज्याचं व्हायचं तो तिकडे एकटा. एक धागा तुटला. तिच्या बोटांनी सवयीने दोन्ही टोकं शोधली आणि गाठ मारली. किती वेळ ती तशी उभी राहिली तिला कधीच सांगता आलं नाही. तेवढ्यात शेजारच्या मशीनवरून ज्योत्स्ना धावत आली. दोघींच्या त्या मशीनवर आज तिचा दिवस होता. तिने कुसुमच्या खांद्याला धरून हलवलं. "काकी! जा ना! उभ्या काय राहिल्या!"

तेव्हा ती निघाली. फाटकाशी चेहरा धरला. दिवा लाल झाला.

सरकारी दवाखान्यात अनंत कोपऱ्यातल्या पलंगावर अर्धवट बसलेला होता. तोंडावर मास्क, नळीच्या बाटलीत पाणी बुडबुडत होतं. डॉक्टरांनी कुसुमला बाजूला घेतलं. "छातीत पाणी भरलंय. ते औषधाने उतरवतोय. पण झडप बदलल्याशिवाय हे पुन्हा-पुन्हा होणार. इंदूरला हलवायला हवं. कार्ड आहे का कुठलं?"

"विम्याचं आहे," कुसुम म्हणाली. "सप्टेंबर संपल्यावर चालेल."

"सप्टेंबर?" डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पलंगाकडे. "बाई, आता तर मे सुरू आहे." मग त्यांनी तिच्या हातावर हलकेच थोपटलं आणि शेजारच्या रुग्णाकडे वळले.

कुसुम पलंगाशी बसली. अनंताचे पाय गार पडले होते, ते तिने पदराखाली घेतले. मालतीवहिनी चहा आणायला म्हणून उठून गेली. बऱ्याच वेळाने अनंताने डोळे उघडले. तिला ओळखलं. मास्क जरासा वर उचलला आणि पहिला प्रश्न विचारला.

"हजेरी... लागली?"

"लागली," कुसुम म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण लागली. पाळी सुटल्यावरच निघाले. तुम्ही बोलू नका आता."

त्याने मान हलवली. तिने मास्क नीट बसवला, कानामागची दोरी सरळ केली. तो मास्कच्या आतून काहीतरी म्हणत होता. तिने कान जवळ नेला.

"उद्याही जा," तो म्हणत होता. "इथे... बसून काय करशील."

"जाते," कुसुम म्हणाली, आणि त्याचे पाय चोळत राहिली.